एडिनबरोहून एका दिवसात स्टर्लिंग, डून, डीनस्टन आणि लॉख लोमंड (आईबाबांसोबत)

माणगंगा

मागे इथे कुणीतरी विचारलं होतं की आईवडील पहिल्यांदाच स्कॉटलंडला येतायत, एडिनबरोहून एका दिवसाची कुठली गाइडेड सहल घ्यावी. तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं. मेमध्ये माझे आईबाबा येऊन गेले आणि आता लिहिण्यासारखं बरंच साठलंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आधी माझं मत सांगते. घरची माणसं सत्तरीची असतील तर बारा तासांची लॉख नेस सरोवराची सहल घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी सासूसासऱ्यांना मी तीच घडवली होती. सकाळी आठला निघालेली बस रात्री आठला परतली आणि त्यातला बहुतेक वेळ खुर्चीत गेला. सासूबाईंचे पाय सुजले. तिकिटात किल्ल्याचा प्रवेश धरलेला नाही हे तिथे पोचल्यावर कळलं, तोवर वेळही उरला नव्हता. अर्कर्टचा पडका किल्ला त्यांनी रस्त्याच्या कठड्यावरून पाहिला. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना असं दाखवल्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून या वेळी जवळचं निवडलं. सोळा सीटची छोटी गाडी, चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच माणूस. सकाळी साडेआठला निघायचं, संध्याकाळी साडेसहापर्यंत परत. वाटेत फॉलकर्कला 'केल्पी'पाशी पंधरा मिनिटं थांबलो. कालव्याच्या काठी उभी असलेली ही तीस मीटर उंचीची पोलादी घोड्यांची दोन मुंडकी. फोटो काढले, चहा घेतला, पुढे निघालो.

स्टर्लिंगचा किल्ला उभ्या कातळावर आहे. गाडी जवळजवळ दारापर्यंत जाते, हे गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा. आतली दगडी फरसबंदी मात्र उंचसखल आहे. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा राज्याभिषेक इथे ९ सप्टेंबर १५४३ ला झाला, तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. बाप वारला तेव्हा जेमतेम सहा दिवसांची. हे ऐकल्यावर आई बराच वेळ राण्यांविषयीच बोलत होती, "मांडीवरच्या पोरीला मुकुट घातला, आणि तिची आई काय करत होती?" आई तिचा कारभार सांभाळायला धडपडत होती, असं मी तिला सांगितलं. "मग ठीक आहे," म्हणाली.

तिथला मोठा दरबार हॉल बाहेरून पिवळसर सोनेरी दिसतो. चुन्याचा मूळ रंग जसा होता तसा पुन्हा दिलाय. बाकीचा किल्ला करड्या दगडाचा आणि मध्येच ही एक उजळ भिंत. आधी डोळ्याला खटकते, मग तीच आठवणीत राहते.

तिथून डूनचा किल्ला, वीसेक मिनिटांवर, टीथ नदीकाठी. लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच मला स्टर्लिंगपेक्षा जास्त आवडला. चौदाव्या शतकाच्या शेवटी ऑल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्ट्युअर्ट याने तो आताच्या रूपात आणला. आई सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघरात थांबली. चुलखंड एवढं मोठं की आत बैलगाडी उभी राहील. बाजूच्या भिंतीत दोन कमानी आहेत, वाढप्यांच्या हातात ताटं द्यायला. आईने एका कमानीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लग्नाच्या पंगतीला असंच पाहिजे, आचाऱ्याच्या पायात कुणी येत नाही."

आता ज्यासाठी हा धागा काढला ते.

डूनपासून नदी ओलांडली की डीनस्टन. इथली व्हिस्कीची भट्टी म्हणजे मुळात १७८५ साली उभी राहिलेली सूतगिरणी. १९६५ च्या सुमाराला गिरणी बंद पडली आणि त्याच इमारतीत डिस्टिलरी आली. हे मला बुकिंग करताना माहीत होतं, पण बाबांना मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. बाबा माळकरी. व्हिस्कीच्या कारखान्यात कशाला नेतेस म्हणून आदल्या रात्री थोडं रुसलेही होते. आणि बाबा गिरणीतले. १९७४ पासून परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर विणकामाला होते, १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंत. नंतर गावी आले, ते कायमचेच.

दारातून आत शिरताच ते थांबले. इमारत बाहेरून पाहिली आणि मला म्हणाले, "ही गिरणी आहे." मी हो म्हटलं. मग जे चालत सुटले ते गाइडच्याही पुढे.

जव भिजवून, मोड आणून, वाळवून, भरडून आलेला असतो. त्यात गरम पाणी घालून ढवळतात. तो मोठा हौद इथे वरून उघडा आहे, त्यामुळे वाफ अंगावर येते आणि गोडसर, शिजत्या लापशीसारखा वास येतो. पुढे पोलादी टाक्यांत ते आंबवतात, मग तांब्याच्या भांड्यांत दोनदा ऊर्ध्वपातन. उरलेला चोथा गुरांना जातो. बाबांनी विचारलं, यंत्रं कशावर चालतात? गाइड म्हणाला, नदीवर. पूर्वी गिरणीची पाणचक्की जिच्यावर फिरायची, त्याच टीथच्या पाण्यावर आज टर्बाइन फिरतं, आणि उरलेली वीज बाहेर दिली जाते.

शेवटी पिंपांचं कोठार. कमानीदार छताची लांब, बुटकी, अंधारी जागा, पाय ठेवताच अंगावर गारवा येणारी. हा गिरणीचा विणकाम विभाग होता. गाइडने विचारलं की हे छत असं, वर मातीचा थर घालून, का बांधलं असेल? कुणी बोलेना. बाबांनी मला मराठीत सांगितलं, "हवा ओली राहायला. कोरड्या हवेत सूत तुटतं. आमच्याकडं वरनं पाणी फवारायचे." मी इंग्रजीत सांगितलं. तो माणूस पुढे आला आणि त्याने बाबांचा हात हातात घेतला. जी हवा सुताला लागायची तीच पिंपांनाही मानवते, गारवा आणि ओल फार बदलत नाही, म्हणून कोठार इथेच केलं, असं तो म्हणाला.

बाबांनी एकच प्रश्न विचारला, "इथल्या कामगारांचं काय झालं?" गावातल्या पुष्कळ जणांना डिस्टिलरीतच काम मिळालं, त्यांना नवं काम शिकवलं, असं उत्तर आलं. बाबांनी मान हलवली. त्यांची गिरणी होती तिथे आज काचेचे टॉवर आहेत. त्यावर ते काही बोलले नाहीत आणि मीही नाही.

चव घ्यायच्या वेळी बाबांनी ग्लास परत केला. पण एका रिकाम्या पिंपाच्या तोंडाशी नाक नेलं आणि म्हणाले, "सुक्या खोबऱ्याचा वास येतोय, आणि काकवीचा."

तिथून लॉख लोमंडच्या पूर्व काठावर बाल्माहाला गेलो. तासभर मोकळा वेळ होता. आई बाकावर बसून पाण्याकडे बघत राहिली, बाबा आणि मी वीस मिनिटांच्या चढावरच्या क्रेगी फोर्टला गेलो. पाण्यात बेटांची एक रांग दिसते, जणू कुणी तिरपी रेघ मारलीय. ती हायलंड आणि लोलंड वेगळे करणाऱ्या भूस्तरभंगाची रेघ आहे. खालच्या बाजूला शेतं, वरच्या बाजूला डोंगर. दोन्ही एका नजरेत मावतात.

---

गडवाट

फार सुंदर लिहिलंय. बाबांना माझा नमस्कार सांगा.

स्टर्लिंगविषयी थोडी भर. या किल्ल्याखालीच ११ सप्टेंबर १२९७ ला स्टर्लिंग पुलाची लढाई झाली. विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांनी इंग्रज सैन्य अरुंद लाकडी पुलावरून अर्धं अलीकडे येऊ दिलं आणि मग तोडलं. आपली उंबरखिंड आठवते, करतलबखान घाटात पुरता आत येईपर्यंत महाराजांनी १६६१ मध्ये वाट पाहिली तशी. जागेची जाण असलेला लहान फौजेचा माणूस सगळीकडे असाच लढतो. किल्ल्यावरून समोर अ‍ॅबी क्रेगवर वॉलेसचा मनोरा दिसतो. २४६ पायऱ्या आहेत, आईवडिलांना नेऊ नका, स्वतः नक्की चढा.

मला एका गोष्टीचं फार वाटतं. स्टर्लिंगच्या किल्ल्यात १९६४ पर्यंत लष्कराची छावणी होती. दरबार हॉलमध्ये माळे आणि भिंती घालून बराकी केल्या होत्या. तिथून त्यांनी तो परत मूळ रूपात आणला, ओकच्या लाकडाचं नवं छत बसवलं आणि १९९९ मध्ये लोकांसाठी खुला केला. आपल्या गडांवर जोती तेवढी उरलीत. मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशात आले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. सगळं पुन्हा बांधा असं मी म्हणत नाही. पण एखाद्या गडावरचा एक तरी वाडा, एक सदर, एक मुदपाकखाना पुराव्यानिशी असा उभा राहिला तर पोरांना तो गड राहता होता हे कळेल. तुमच्या आईंनी स्वयंपाकघराच्या कमानीवरून हात फिरवला, तसा हात फिरवायला आपल्याकडे मुदपाकखानाच उरलेला नाही.

---

भटकी जोडी

लेख आवडला, पण लॉख नेसच्या सहलीबद्दल असहमत. आम्ही दोघं पस्तिशीतली, तीच बारा तासांची सहल केली आणि आयुष्यभर लक्षात राहील असा दिवस गेला. कारण लॉख नेस नव्हे, वाटेतलं ग्लेनको. दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात आणि मधून तो रस्ता जातो. १३ फेब्रुवारी १६९२ ला पहाटे तिथे मॅकडोनल्ड घराण्यातल्या ३८ माणसांना मारलं. मारणारे सैनिक त्यांच्याच घरी बारा दिवस पाहुणे म्हणून जेवत होते. गाइडने ते सांगितलं तेव्हा बसमध्ये एकदम शांतता झाली. पाहुणचार खाऊन घात, ही गोष्ट तिथले लोक अजून विसरलेले नाहीत.

तरुणांनी जरूर जावं. फक्त तिकिटात काय धरलंय ते आधी वाचावं.

---

ग्लासगोकर

दोघांचंही पटतं, वयावर आहे सगळं.

नवीन येणाऱ्यांसाठी काही गोष्टी. शब्द 'लॉक' नाही, 'लॉख' आहे. इंग्रजांना तो ख जमत नाही, आपल्याला सहज जमतो, तेव्हा बिनधास्त म्हणा. इथली माणसं खूश होतात. ग्लेन म्हणजे दरी, बेन म्हणजे डोंगर, इंच म्हणजे बेट. बाल्माहासमोरचं इंचकॅलिओख म्हणजे म्हाताऱ्या बायांचं बेट, तिथे पूर्वी जोगिणींचा मठ होता असं सांगतात.

भाड्याची गाडी घेऊन डिस्टिलऱ्या बघू असं बरेच जण ठरवतात. करू नका. स्कॉटलंडमध्ये ५ डिसेंबर २०१४ पासून गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ८०. म्हणजे चवीपुरतं घेतलं तरी धोका. बहुतेक डिस्टिलऱ्या चालकाला त्याचा वाटा छोट्या बाटलीत बांधून देतात. पण खरा उपाय म्हणजे दुसऱ्याने चालवलेली गाडी, म्हणून या विभागात गाइडेड सहलींना अर्थ आहे.

ग्लासगोहून कमी वेळ असेल तर ग्लेनगॉइन बघा, तासाभराच्या आत आहे. तिथे रस्त्याच्या एका बाजूला भट्टी आणि पलीकडे कोठारं. तीच हायलंडची हद्द मधून जाते. व्हिस्की हायलंडात जन्मते आणि रस्ता ओलांडून लोलंडात मुरते.

आणि मिज! जून ते ऑगस्ट पाणवठ्यावर हे बारीक किडे थव्याने येतात. वारा पडला, ढग आले की सुटका नाही. मे किंवा सप्टेंबर बरा.

---

पिठलं भाकरी

आम्ही शाकाहारी आहोत, कांदा लसूण चालतो. अशा सहलीत दुपारी काय खायचं? घरून डबा न्यावा का?

---

माणगंगा

@पिठलं भाकरी, डबा न्या. गाडीत बहुतेक ठिकाणी गरम खाऊ देत नाहीत, पण किल्ल्याच्या बाहेर गवतावर बसून खाता येतं. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. विकतचं हवं तर सूप आणि ब्रेड कुठेही मिळतं, मसुराचं सूप आईला आवडलं, पण ते मांसाच्या पाण्यात केलंय का हे विचारून घ्या. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, फुफ्फुसं आणि ओट्स, आपल्याकडच्या वजडी खाणाऱ्यांना परकं वाटणार नाही. त्याचा शाकाहारी प्रकारही सर्रास मिळतो, डाळी, ओट्स आणि भाज्यांचा. आणि 'टॅब्लेट' नावाची मिठाई घ्या. दूध, साखर, लोणी आटवून केलेली, दाणेदार. आई म्हणाली ही वडीच आहे, फक्त वेलची राहिली.

@गडवाट, मुदपाकखान्याचं वाचून आई म्हणाली, "त्याला सांग, बरोबर बोलतोय."

@भटकी जोडी, पटलं. ग्लेनकोला मी परत जाणार आहे, मुक्कामाने.

---

मडगांवचो

मी गोव्याचा, माझ्या मामाची काजूची भट्टी होती, म्हणून हा विषय जवळचा.

डीनस्टनला दोनदा ऊर्ध्वपातन करतात असं लिहिलंय, तेच आमच्याकडे. पहिल्या धारेचा उर्राक, तो पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. स्कॉटलंडातही पहिल्या भांड्यातून निघतं ते सौम्य असतं, व्हिस्की होते ती दुसऱ्यातून. त्यातही सुरुवातीचं आणि शेवटचं बाजूला काढतात, मधलं तेवढं ठेवतात. माझा मामा हे वासावर ओळखायचा. तिकडे काचेच्या कुलूपबंद पेटीतून धार वाहते आणि माणूस बाहेरून बघून नळ फिरवतो. कुलूप पूर्वी सरकारी अबकारी अधिकाऱ्याकडे असे. १८२३ च्या कायद्याने परवाना स्वस्त झाला, तोवर डोंगरदऱ्यांत चोरून भट्ट्या चालायच्या.

फरक हवेचा. कायद्याने स्कॉच निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात आणि स्कॉटलंडातच मुरावी लागते. तिकडच्या थंडीत वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट उडतं. आमच्या कुंकळ्ळीला सिंगल माल्ट व्हिस्की बनते, ती कमी वर्षांत तयार होते ती त्यामुळेच. तिकडच्या बारा वर्षांशी इकडची वर्षं मोजून तुलना करू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

कोठाराच्या भिंती आणि आजूबाजूच्या झाडांची खोडं काळी पडलेली दिसली का? ती काजळी नव्हे. त्या उडालेल्या वाफेवर वाढणारी बुरशी आहे. पूर्वी चोरट्या भट्ट्या शोधणारे हीच खूण बघायचे असं म्हणतात.

---

जुनी बखर

माणगंगाताई, लॉख लोमंडहून परतताना डंबार्टनची पाटी दिसली असेल तर, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिथला. १७७९ चा जन्म. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचा रेसिडेंट, मग १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. त्याच्यानंतरचा गव्हर्नर जॉन माल्कम, डम्फ्रीसकडचा, ज्याच्या नावाने महाबळेश्वरची माल्कमपेठ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा ग्रँट डफ बॅन्फचा. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही स्कॉटिश. आपल्या एकोणिसाव्या शतकावर या लहान देशाची केवढी माणसं उभी आहेत!

हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या लढाईत सरकारी सैन्यापुढे हायलंडची फौज तासाभरात मोडली. त्यानंतर हायलंडरांच्या पोशाखावरच बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. पुढे जमीनदारांनी मेंढ्यांसाठी खेडीच्या खेडी उठवली. माणसं किनाऱ्याला, शहरांत, कॅनडाला गेली. आज ज्या मोकळ्या दऱ्या आपल्याला शांत आणि सुंदर वाटतात, त्यांत एकेकाळी घरं होती. चांगला गाइड हे सांगतो. तुमच्या बाबांनी विचारलेला प्रश्न त्या सगळ्या दऱ्यांनाही लागू आहे.

---

ठाण्याचे आजोबा

माझे वय ७४, सौ. ७०. पुढच्या मे महिन्यात नातवाकडे येतोय. स्टर्लिंगला किती चालावे लागते? मध्ये बसायला जागा आहे का? आणि थंडी किती असते?

मीही गिरणीत होतो, त्रासन (सूतकताई) खात्यात. लेख दोनदा वाचला.

---

माणगंगा

@ठाण्याचे आजोबा, काका, तुम्ही त्रासन खात्यातले म्हटल्यावर बाबांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "त्यांना सांग, आपल्या खात्यात आले की हाक मारा."

स्टर्लिंगला गाडीतळ ते आतला चौक हे सगळं चढाचं, पण सावकाश पंधरा मिनिटांत होतं. मध्ये तटाशी बसायला कट्टे आहेत. महालाच्या खोल्या सपाट आहेत, तिथे घाई करू नका. एकशिंगी घोड्याचे पडदे नक्की बघा. ते हातमागावर नव्याने विणले, त्याला तेरा वर्षं लागली. बाबा त्यांच्यासमोर एवढे थांबले की गाइडला येऊन बोलवावं लागलं. डूनला गोल जिने आहेत, तिथे वर जाऊ नका, खालचं पुष्कळ आहे. मेमध्ये दिवसा दहा ते पंधरा अंश धरा, वारा बोचरा असतो, कानटोपी हवीच. उजेड मात्र रात्री साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत घरी याल. दोन्ही किल्ल्यांना चालणारा एक एकत्रित पास मिळतो, तो आधीच काढा.

@मडगांवचो, हो! कोठाराच्या बाहेरच्या भिंती काळ्या होत्या. मी कोळशाचा धूर समजत होते.

@जुनी बखर, डंबार्टनची पाटी आमच्या वाटेवर नव्हती, पण पुढच्या वेळी तिकडून जाऊ.

आणखी एक. बाबांनी डीनस्टनच्या छताचा फोटो त्यांच्या जुन्या साचेवाल्यांच्या गटावर टाकला होता. लालबागच्या एका काकांनी आवाजी निरोप पाठवला, "साचे कुठल्या अंगाला होते रे?" त्या रात्री जेवण झाल्यावर बाबा माझ्या लेकाची चित्रकलेची वही घेऊन बसले. कमानी काढल्या, खांब काढले, पाणचक्कीचा दांडा नदीकडून कसा आत आला असेल ते काढलं, मग त्यावरून पट्टे, आणि पट्ट्यांखाली साच्यांच्या दोन ओळी, मध्ये माणसाला उभं राहायला जागा सोडून. लेकाने विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे उभे राहायचे?" त्यांनी उजवीकडच्या ओळीत तिसऱ्या साच्यापाशी एक टिंब दिलं.